तीन नगरपालिका, ८१ गावे आणि एक महापालिका

१ ऑक्टोबर १९८३ रोजी ही संस्था जन्माला आली, तेव्हा तिचे नाव नुसते ‘कल्याण महानगरपालिका’ होते. डोंबिवलीचे नाव पुढे जोडले गेले. तिसरी नगरपालिका म्हणून जिला त्याच दिवशी सामावून घेतले, त्या अंबरनाथचे नाव पाटीवर कधीच लागले नाही. सोबत आलेल्या ८१ गावांचा उल्लेख तर नुसत्या आकड्यातच राहिला.

स्मरणिकेतला इतिहास म्हटला की पदाधिकाऱ्यांच्या याद्या, उद्‌घाटने आणि इमारती यांची जंत्री अपेक्षित असते. मला थोडे वेगळे मांडायचे आहे. मिळकतीत, कामधंद्यात, पाण्यात आणि राहणीत एकमेकांशी न जुळणारी गावे-शहरे एका दप्तराखाली आणली गेली, त्यांचे पुढे काय झाले? कोण टिकले, कोण निघून गेले, कोण जाऊन परत आले? माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या भागाच्या दारात सोय आधी पोहोचली आणि बिल नंतर गेले, तो भाग महापालिकेचा झाला. जिथे बिल आधी गेले, तिथे चाळीस वर्षे उलटली तरी घरोबा झालेला नाही.

एकत्र आलेल्यांची परिस्थिती काय होती ते पाहू. कल्याण हे उल्हास खाडीकाठचे जुने बंदर. सातवाहनांच्या काळापासून व्यापारासाठी ओळखले जाणारे, दुर्गाडी किल्ल्याखाली शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात पाहिलेले गाव. १ मे १८५४ रोजी इथे आगगाडी आली आणि १८५५ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. घाटावरून येणारे धान्य, खाडीतून येणारा माल आणि रेल्वेचे जंक्शन यांवर कल्याणची बाजारपेठ पोसली गेली. डोंबिवलीचा जीव मात्र रेल्वेच्या पासात. मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत बिऱ्हाड अशी हजारो कुटुंबे इथे आली. वाचनालये, शाळा, पतपेढ्या, नाट्यसंस्था त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभ्या केल्या. १९६४ पासून एमआयडीसीचे कारखानेही आले, पण डोंबिवलीकराच्या घरातली चूल बहुतांशी मुंबईच्या पगारावर पेटत होती. अंबरनाथ कारखान्यांचे गाव. आयुध निर्माणी, विमकोचा आगपेट्यांचा कारखाना, रसायने, गिरण्या. आणि गावे? भातखाचरे, तबेले, खाडीलगतची मासेमारी आणि आगरी समाजाची पिढीजात वतने. तिथे ग्रामपंचायतीची घरपट्टी वर्षाला चहाच्या काही कपांइतकी होती आणि तेवढ्यात कारभार चालत असे.

यांना एकत्र आणण्यामागे शासनाचे गणित सरळ होते. मुंबई भरली होती आणि माणसे लोहमार्गाच्या कडेकडेने पसरत होती. शेजारच्या ठाणे नगरपालिकेची आजूबाजूच्या गावांसह १ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली होती. बरोबर वर्षाने कल्याणची झाली. पाणी, रस्ते, गटारे आणि विकास आराखडा यांचा विचार एका मोठ्या संस्थेने केला तर स्वस्त पडेल, हा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता.

त्या काळातल्या जकातीचा विचार केल्याशिवाय या एकत्रीकरणाचा आर्थिक अर्थ कळत नाही. नगरपालिकांच्या उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा असे आणि ती गावाच्या हद्दीत वापरासाठी, खपासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर बसे. म्हणजे जिथे कारखाने आणि मोठी बाजारपेठ, तिथे पैसा. जिथे नुसती बिऱ्हाडे, तिथे माणसे जास्त आणि जकात कमी. हद्दी एक झाल्या तसे आतले नाके उठले. कल्याणच्या बाजारातून डोंबिवलीच्या दुकानात निघालेला किराण्याचा टेम्पो आता एकाच हद्दीत फिरू लागला. युरोपातल्या सहा देशांनी १९५७ च्या रोम कराराने ठरवून १९६८ मध्ये आपापसातली सीमाशुल्के रद्द केली, तेच इथे एका रात्रीत आणि फारशी चर्चा न होता घडले. आतल्या भिंती पडल्या की सगळ्यांचा गल्ला एक होतो. त्या गल्ल्यातून कुणाला किती द्यायचे, हा खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

तो प्रश्न सोडवायला सभागृह लागते. ते इथे बारा वर्षे नव्हते.

या संस्थेच्या इतिहासातली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच. १९८३ मध्ये महापालिका झाली आणि पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. मधला सगळा काळ प्रशासकांचा. त्यांतल्या अनेकांनी मन लावून काम केले असेल, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण तीन नगरपालिकांचे निवडून आलेले सभासद आणि गावोगावचे सरपंच एका दिवसात गेले आणि त्यांच्या जागी भांडायला, मागायला, अंदाजपत्रकावर बोट ठेवायला कुणी उरले नाही. घरात नवी सून आणायची आणि बारा वर्षे तिला बोलू द्यायचे नाही, मग ती माहेरची वाट धरते म्हणून तिलाच नावे ठेवायची, असा हा प्रकार झाला.

१९९२ मध्ये पहिले दोन भागीदार उठून गेले. अंबरनाथची नगरपालिका पुन्हा स्थापन झाली आणि कुळगाव-बदलापूरची वेगळी नगरपालिका झाली. दोन्ही गावे अंतरानेही दूर आणि मध्ये उल्हासनगरची स्वतंत्र नगरपालिका. अंबरनाथला स्वतःचे कारखाने, स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःचा जुना कारभार होता, त्यामुळे वेगळे झाल्यावरही पायावर उभे राहणे जमले. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांवर होती. ज्याला एकट्याने जगता येते तो संघातून शांतपणे बाहेर पडतो. ग्रीनलँड १९८५ मध्ये युरोपीय समुदायातून बाहेर पडले ते आपल्या समुद्रातल्या मासळीवर आपला हक्क राहावा म्हणून, आणि फारसा गाजावाजा न होता. अंबरनाथचे जाणे त्याच जातीचे.

गावांचे तसे नव्हते.

कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीच्या पाठीमागून गेले की ती गावे लागतात. पिसवली, गोळवली, सोनारपाडा, मानपाडा, काटई, निळजे. रस्त्याच्या आतल्या अंगाला आजदे, सागाव, नांदिवली पंचानंद, भोपर, संदप, उसरघर, घारिवली, देसलेपाडा, कोळे, हेदुटणे, घेसर, उंबरोली. कल्याणच्या बाजूला द्वारली, भाल, वसार, माणेरे, आशेळे, आडिवली-ढोकळी, चिंचोली, दावडी आणि अंबरनाथ तर्फेची नांदिवली. एकूण २७. ही नावे मी मुद्दाम सलग लिहिली. वर्तमानपत्रांत आणि सभांत ती नेहमी ‘२७ गावे’ अशी गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यातल्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

या गावांच्या कुशीतच एमआयडीसी आहे. त्यांच्या जमिनी कारखान्यांना गेल्या. निवासी वसाहतही त्यांच्याच हद्दीत उभी राहिली. कारखान्यांकडून मिळणारा कर ग्रामपंचायतींचा आधार होता. महापालिका आली तशी ती मिळकत मोठ्या गल्ल्यात गेली. बदल्यात काय आले, असे गावकरी विचारत राहिले. सर्वपक्षीय संघर्ष समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, आणि २००२ मध्ये शासनाने ही सत्तावीसही गावे महापालिकेतून वगळली. ग्रामपंचायती पुन्हा आल्या. हे सगळे राजकारण होते असे म्हणणारे आजही भेटतात. राजकारण होतेच, पण नुसत्या राजकारणावर वर्षानुवर्षे लोक रस्त्यावर येत नाहीत. आपल्या जमिनीतून निघालेला पैसा आपल्या गल्लीत परत दिसत नाही, ही भावना त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती.

वेगळे झाल्यानंतरची तेरा वर्षे मात्र गावांना निखळ सुखाची गेली असेही नाही, आणि हे त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याने लपवू नये. ग्रामपंचायत ही भातशेतीच्या गावासाठी बनलेली यंत्रणा. तिच्या हद्दीत सात-सात मजली इमारती, चाळी आणि गोदामे उभी राहू लागली, तेव्हा परवानगी देणारे, तपासणारे, गटार टाकणारे हात तिच्याकडे नव्हते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे या गावांचे नियोजन गेले. पाणी एमआयडीसीचे, बारवी धरणातले. नियोजन एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, घरपट्टी तिसऱ्याकडे. बांधकामांची शिस्त तर शहरातही मोडलीच होती. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या अग्यार समितीपुढे महापालिका क्षेत्रातल्या ६७ हजारांहून अधिक बेकायदा बांधकामांचा प्रश्न होता. म्हणजे आत राहिलेले सुखरूप आणि बाहेर गेलेले भरकटले, असेही चित्र नव्हते.

याच काळात गावांची आर्थिक जागा बदलून गेली. निळजे-काटई-उसरघरच्या खाचरांतून पलावा या गृहसंकुलाचे मनोरे वर आले. प्राधिकरणाने दहा गावांत कल्याण विकास केंद्राची आखणी केली. १९८३ मध्ये जी गावे ‘मागास’ म्हणून संघात आली, त्यांच्याच जमिनी आता सगळ्या परिसरात मोलाच्या ठरू लागल्या. गरीब भागीदाराच्या अंगणात खजिना सापडला की भागीदारीची भाषा बदलते.

१ जून २०१५ रोजी २७ गावे पुन्हा महापालिकेत आली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत सभागृहातल्या जागा १०७ वरून १२२ झाल्या. या तारखेशेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहा. १ ऑगस्ट २०१५. त्या दिवसापासून राज्यात बहुतांश व्यापाऱ्यांचा स्थानिक संस्था कर रद्द झाला. हा कर जकातीच्या जागी आला होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकांना शासनाकडून भरपाईचे हप्ते मिळू लागले. सत्तावीस गावांचा नवा भार खांद्यावर घेतल्यानंतर दोनच महिन्यांत महापालिकेचा स्वतःच्या हाताने गोळा करायचा मोठा कर गेला. उरला मालमत्ता कर. तो वसूल करायचा तर नव्याने आलेल्या गावांकडे पाहावेच लागणार होते. महापालिकेतल्या अधिकाऱ्यांवर टीका करताना लोक हे विसरतात. पैशाची ओढ होती आणि ती त्यांनी निर्माण केली नव्हती.

त्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी दोन कागद घेऊन घरी आला होता. एक ग्रामपंचायतीची पावती. पातळ पिवळसर कागद, कार्बनची निळी पुसट अक्षरे, घर क्रमांक, आजोबांचे नाव आणि खाली ग्रामसेवकाची सही. दुसरे महापालिकेचे संगणकावर छापलेले बिल. त्यात सर्वसाधारण कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिःसारण लाभ कर, वृक्ष कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर असे रकाने. तो म्हणाला, “सर, तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात, मला यातला एकेक शब्द समजावून सांगा.” आम्ही दोघे ओसरीवर तासभर बसलो. ‘करयोग्य मूल्य’ म्हणजे घर भाड्याने दिले असते तर वर्षाला काय मिळाले असते त्यावरून काढलेला आकडा, हे मी सांगितले. त्याने शांतपणे विचारले, “पण आमचं घर आम्ही कधी भाड्याने देणारच नाही, मग ते धरायचं कसं?” त्याच्या प्रश्नाला वर्गात उत्तर होते, ओसरीवर नव्हते. दोन कागद एकाच घराचे होते आणि दोघांची घराकडे बघायची नजर वेगळी होती. ग्रामपंचायतीला त्यात कुटुंब दिसत होते. महापालिकेला, तिच्या कायद्याप्रमाणे, उत्पन्न देऊ शकणारी मालमत्ता दिसत होती.

महानगरपालिका अधिनियमात याची जाण नाही असे नाही. नव्याने आलेल्या भागाला काही काळ जुनाच दर ठेवून मग वर्षागणिक पायरीपायरीने पूर्ण दरापर्यंत न्यावे, अशी तरतूद त्यात आहे. पण ही पायरी एकाच जिन्याची आहे. कर चढत जातो त्याच गतीने पाण्याची वाहिनी, गटार, दिवे आणि शाळा यांनीही चढावे, असे बंधन कुठे घातलेले नाही. गटार नाही तिथे मलनिःसारणाचा लाभ कर कसा, हा गावांचा जाहीर आक्षेप होता आणि तो या फटीतूनच आला. ग्रामपंचायतींचे कर्मचारी महापालिकेकडे वर्ग झाले, पण जिल्हा परिषदेच्या शाळांचे हस्तांतर रखडले. अमृत योजनेतून गावांसाठी पाणीपुरवठा योजना हाती घेतली गेली, ती कर लागू झाल्यानंतर. शहर उल्हास नदीचे पाणी बारावे, मोहिली, नेतिवलीच्या केंद्रांतून पिते आणि गावे एमआयडीसीच्या वाहिनीवर अवलंबून. एका महापालिकेत दोन नळ आणि दोन मालक.

युरोपने या बाबतीत आपल्यापेक्षा एक गोष्ट आधी ओळखली होती. १९७५ मध्ये त्यांनी मागे पडलेल्या प्रदेशांसाठी वेगळा निधी उभा केला. ग्रीस १९८१ मध्ये आणि स्पेन-पोर्तुगाल १९८६ मध्ये आत आले, तेव्हा त्यांच्या रस्त्यांना, बंदरांना, पाण्याला पैसा पुरवणारे खाते आधीच उघडलेले होते. त्यानेही सगळे मिटले नाही. ग्रीसचे कर्जसंकट आपण पाहिले, आणि ब्रिटनसारखा धनिक भागीदार जानेवारी २०२० मध्ये उठून गेला तोही पाहिला. तरी नव्या भागीदाराला पहिल्या दिवशी हातात बिल न देता आराखडा द्यावा, ही रीत त्यांनी पाळली. कल्याण-डोंबिवलीच्या अंदाजपत्रकात गावांसाठी असे वेगळे, कुलूपबंद, दुसरीकडे वळवता न येणारे खाते पहिल्या दिवसापासून असते, तर इतिहास वेगळा झाला असता असे मला मनापासून वाटते.

ब्रिटनने काडीमोड घेतल्यानंतर दीडएक महिन्यात, मार्च २०२० मध्ये, शासनाने २७ पैकी १८ गावे वगळून त्यांची वेगळी नगरपालिका करण्याची अधिसूचना काढली. आजदे, सागाव, भोपर, संदप, काटई, उसरघर, घारिवली, देसलेपाडा आणि नांदिवली पंचानंद ही नऊ आत ठेवायची, बाकीची बाहेर. म्हणजे एकमेकांत सोयरिकी असलेली, एकाच लढ्यात उभी राहिलेली गावे मधोमध कापली जाणार होती. हा तोडगा मला त्या वेळीही पटला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द ठरवली. नेमक्या त्याच सुमारास सभागृहाची मुदत संपली होती आणि महापालिकेत पुन्हा प्रशासक आले होते. १९८३ ची आठवण असलेल्या माझ्यासारख्याला त्या योगायोगाने अस्वस्थ केले.

टिकलेल्यांविषयीही लिहायला हवे. कल्याण आणि डोंबिवली एकमेकांना बोल लावत असतात. नाट्यगृह आधी कुणाचे, रुग्णालयात खाटा कुणाकडे जास्त, मुख्यालय कल्याणातच का, हे वाद मी स्टाफरूममध्ये आयुष्यभर ऐकले. पण ही दोन शहरे फुटली नाहीत. टिटवाळा, मोहने, आंबिवली हे भागही राहिले. मोहन्याची एनआरसी ही कंपनी २००९ मध्ये बंद पडली. कामगार वसाहत, दुकाने, शाळा सगळे एका कारखान्यावर तोललेले होते आणि तो आधार गेला, तरी मोहने महापालिकेतच राहिले. कारण या सगळ्यांची रोजची वाट एक होती. तीच लोकल, तेच जंक्शन आणि तोच एक पूल.

पत्रीपूल. डोंबिवलीहून कल्याणच्या शाळेत जाताना मी तो किती वेळा ओलांडला याची गणती नाही. ब्रिटिशकालीन लोखंडी पूल, खालून गाड्यांची धडधड. पावसात पत्र्यावरून निथळणारे पाणी एसटीच्या खिडकीतून आत येई. २०१८ मध्ये तो धोकादायक म्हणून बंद झाला आणि पाडला. पुढची दोन-सव्वादोन वर्षे दोन्ही शहरांच्या वाहनांच्या रांगा लागल्या. तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना कळले की आपण एकमेकांशिवाय एक दिवस काढू शकत नाही. दूधवाला, भाजीचा टेम्पो, रुग्णवाहिका, परीक्षेला निघालेली मुले सगळे त्याच रांगेत. जानेवारी २०२१ मध्ये नवा पूल खुला झाला. संघ टिकतो तो अशा रोजच्या गरजेवर. गावांकडून शहराकडे येणारा तसा पूल, पाण्याचा, शाळेचा, गटाराचा, अजून बांधून पुरा व्हायचा आहे.

गावांचा कारभार पाहणारी आय आणि ई ही प्रभाग कार्यालये आज चालू आहेत. माझा विद्यार्थी मालमत्ता कर नियमाने भरतो. या स्मरणिकेसाठी जुने कागद हवे आहेत असे कळवले, तेव्हा त्याने आजोबांच्या नावाची ती कार्बनची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणून दिली. घडीवर ती फाटायला आली आहे. नाव झाकून तिचे छायाचित्र पुढच्या पानावर छापावे आणि शेजारी १९८३ च्या अधिसूचनेचे छायाचित्र, एवढी संपादकांना विनंती केली आहे. पावती जपून परत करायचे मी त्याला कबूल केले आहे.